गाणे समाजाचे, हक्क गीतकाराचा

चौदा एप्रिल जवळ आला की मुरगूड पंचक्रोशीत, कागल-गारगोटीच्या वाटेवरील गावांत आणि पलीकडे निपाणीपर्यंत विहाराविहारांतून गाण्याच्या तालमी सुरू होतात. कोणी ढोलकीची शाई घासतो, कोणी पेटीचे सूर जुळवितो, तर कोणी रात्रभर जागून नवे गीत लिहितो. ज्या काळात आपल्या आयाबायांच्या हाती पुस्तक नव्हते, त्या काळात महाड, नाशिक, नागपूर हा सारा इतिहास त्यांना गाण्यानेच शिकविला. परंतु आज एखादे लोकप्रिय भीमगीत ऐकल्यावर “हे लिहिले कोणी?” असा प्रश्न विचारला, तर गाणारेही पुष्कळदा गप्प होतात. गायकाचे नाव माहीत असते, कंपनीचे नाव कॅसेटच्या वेष्टनावर छापलेले असते, पण ज्याच्या डोक्यातून आणि काळजातून शब्द निघाले त्याचा पत्ता नसतो.

ही केवळ कृतघ्नतेची गोष्ट नाही. नाव गेले की हक्क जातो, आणि हक्क गेला की म्हातारपणी औषधाला पैसे उरत नाहीत. आपल्या समाजात लिहिते हात पुष्कळ आहेत. आता तर घरोघरी मोबाइल असल्याने ध्वनिमुद्रणही सोपे झाले आहे. म्हणूनच संगीताच्या कॉपीराइटचा कायदा, ज्याला मराठीत आपण स्वामित्वहक्क म्हणतो, तो आमच्या तरुण गीतकारांना, गायकांना आणि जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांना सोप्या भाषेत समजावून सांगावा या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

शाहिरांची मिळकत

आपल्या परंपरेतील दोन मोठी नावे प्रथम घेऊ. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत आले. अक्षरओळख झाली तीही प्रौढपणी. पुढे त्यांनी हजारो गीते रचली. त्यांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले. दुसरे अण्णाभाऊ साठे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या या माणसाने कथा, कादंबऱ्या, पोवाडे आणि छकडी लिहून मराठी भाषा श्रीमंत केली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले.

या दोघांनी मागे शेत ठेवले नाही, वाडा ठेवला नाही. शब्द ठेवले. मात्र कायद्याच्या नजरेने हे शब्दही मिळकतच आहेत. जमिनीप्रमाणे ते वारसांकडे जातात, भाड्याने देता येतात, विकता येतात, आणि कोणी त्यात घुसखोरी केली तर कोर्टात दाद मागता येते. फरक एवढाच की, जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे असतो, आणि शब्दांचा सातबारा गीतकाराने स्वतः सांभाळायचा असतो.

एका गाण्याचे चार मालक

पुष्कळांचा समज असा की गाणे ही एकच वस्तू आहे. कायदा तसे मानत नाही. शेताचेच उदाहरण घ्या. जमीन एकाची असते, विहीर दुसऱ्याची असते आणि पीक वाट्याने तिसरा करीत असतो. गाण्याचेही तसेच आहे.

१) शब्द. हे गीतकाराचे. कायदा यांना साहित्यकृती मानतो.
२) चाल. ही संगीतकाराची. हिला संगीतकृती म्हणतात आणि तिच्यात शब्द धरले जात नाहीत.
३) गायन-वादन. गायक आणि वादक यांचा आपापल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो. आपल्याकडे हा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला. आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे.
४) ध्वनिमुद्रण. ज्याने पैसे घालून स्टुडिओत गाणे मुद्रित करून घेतले, त्या निर्मात्याचे ते असते.

‘गीतरामायण’ हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली ते सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे. चाली सुधीर फडके यांच्या, ज्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला. माडगूळकर १९७७ साली गेले, फडके २००२ साली गेले. म्हणजे ऐकणाऱ्याला एकच वाटणाऱ्या त्या गाण्यांतील शब्दांची मुदत वेगळ्या साली संपते आणि चालींची वेगळ्या साली.

एका जुन्या अडचणीचाही उल्लेख केला पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी कायद्यातील व्याख्येनुसार संगीतकृती ही लिहिलेली किंवा छापलेली असावी लागे. आपल्या शाहिरांना स्वरलिपी कुठून येणार? ते चाल गळ्यात ठेवीत आणि गळ्यानेच शिष्याला देत. आता कायदा स्पष्ट सांगतो की, चाल स्वरलिपीत लिहून ठेवलेली असो वा नसो, जो ती बांधतो तो संगीतकारच होय. तरीही पुरावा हवाच. म्हणून मोबाइलवर का होईना, चाल मुद्रित करून ठेवावी आणि शब्द तारीख घालून वहीत उतरवावेत.

हक्क केव्हा जन्मतो आणि किती काळ टिकतो

आपला मूळ कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यानुसार कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर वादाच्या वेळी तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो एवढाच तिचा उपयोग, परंतु तो मोठा उपयोग आहे. नोंदणी नवी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात चौदा क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करून होते. २०१३ च्या नियमांप्रमाणे शब्दांसाठी अथवा चालीसाठी प्रत्येक कृतीमागे ५०० रुपये फी आहे, तर ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्ज केल्यावर कोणाची हरकत आहे का हे पाहण्यासाठी ३० दिवस थांबावे लागते. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने गाणे पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याची पद्धत काहीजण सांगतात. तिला कायद्याने नोंदणीचा दर्जा नाही.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत राहतो आणि मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यामुळे १९९१ अखेर त्यांच्या साहित्यावरील हक्क संपणार होता. त्या वेळी मुदत १० वर्षांनी वाढविण्यात आली. ध्वनिमुद्रणाची मुदत ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. तीही ६० वर्षेच.

या हिशेबाने अण्णाभाऊंच्या शब्दांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादांचा २०६४ अखेरपर्यंत आहे. कोल्हापुरात शिक्षकी पेशा करून मराठी चित्रपटांना गाणी देणारे जगदीश खेबुडकर २०११ साली गेले, त्यांचा २०७१ अखेरपर्यंत आहे. “दादा गेले, आता गाणी सर्वांची झाली,” असे जे म्हटले जाते, ते भावनेने खरे असले तरी कायद्याने खरे नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या लेखनाचे काय, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत २०१६ अखेर संपली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला, म्हणून त्याची मुदत २०१७ अखेर संपली. तेव्हा त्या मूळ मजकुरावर गीत रचण्यास आज कोणाची परवानगी लागत नाही. मात्र एखाद्याने केलेल्या मराठी अनुवादावर त्या अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, हे विसरू नये. त्रिशरण-पंचशीलाच्या पाली गाथा हजारो वर्षांच्या जुन्या, त्यांवर कोणाचीच मालकी नाही. पण एखाद्या गायकाने नव्या चालीत बांधून कॅसेटमध्ये गायिलेली वंदना जशीच्या तशी उचलून आपल्या नावाने खपविता येत नाही. जात्यावरच्या ओव्या आणि जुनी लोकगीते यांनाही हाच न्याय लागतो.

चित्रपटाची चाल आणि आपले शब्द

आता थोडे अडचणीचे बोलू. आपल्याकडे गाजलेल्या हिंदी वा मराठी चित्रपटगीताच्या चालीवर भीमगीत रचण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागे कारण होते. संगीतकाराला द्यायला पैसा नव्हता आणि लोकांच्या कानावरची चाल घेतली की शब्द लगेच पोहोचत. गल्लीतल्या सभेत, पेटी-ढोलकीवर, तिकीट न लावता असे गाणे म्हटले, तोवर कोणी हरकत घेतली नाही. परंतु तेच गाणे मुद्रित करून विकले किंवा इंटरनेटवर टाकले की प्रश्न उभा राहतो. शब्द आपले असले तरी चाल दुसऱ्याची आहे. तिच्या मालकाची परवानगी पाहिजेच.

येथे तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, चालीतले अमुक इतके सूर बदलले की ती आपली होते. असा कोणताही नियम कायद्यात नाही. सर्वसाधारण श्रोत्याला ऐकताच मूळ चाल ओळखू आली, तर नक्कल ठरण्याचा धोका असतो. दुसरा गैरसमज असा की, “मूळ संगीतकाराचे आभार” असे लिहिले की पुरे. आभार मानणे हा सभ्यपणा आहे, परवानगी नव्हे. तिसरा असा की, जुन्या गाण्याची नवी आवृत्ती कोणीही काढू शकतो. कायद्यात अशी सोय आहे खरी, पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर ५ वर्षे गेलेली असावी लागतात, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते, ती किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने असते, आणि मूळ गाण्यात शब्दबदल करता येत नाही. तेव्हा शब्द बदललेले गीत या सोयीत बसतच नाही.

याउलट राग, ताल, पोवाड्याचा ढंग, लावणीचा ठेका, गोंधळाचा बाज यांवर कोणाचीही मालकी नाही. कल्पनेवरही मालकी नाही. चवदार तळ्यावर हजार कवींनी हजार गीते लिहावीत, एकाचाही हक्क मोडत नाही. मुरगूड भागातल्या भजनी आणि शाहिरी बाजाचे संस्कार आपल्या पोरांच्या कानावर आहेतच. त्यांतून स्वतःची चाल बांधणे हे चित्रपटाची चाल उचलण्यापेक्षा अवघड असेल, पण ती चाल जन्मभर आपली राहील.

सही करण्यापूर्वी

गीतकाराचा खरा घात होतो तो कागदावर. समजा, आपल्याकडच्या एखाद्या मुलाने आठ गाणी लिहिली. एक कंपनीवाला आला, पाच हजार रुपये रोख दिले आणि एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत. त्यात लिहिले होते की सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व जगभर, कायमचे कंपनीला दिले. पुढे त्यातील एक गाणे लाखो लोकांनी ऐकले. मुलाच्या हाती ते पाच हजार रुपयेच.

येथे दोन शब्दांतील भेद लक्षात ठेवावा. हक्क लिहून देणे म्हणजे घर विकणे. परवाना देणे म्हणजे घर भाड्याने देणे. भाडेकरू मुदत संपल्यावर जातो, घर आपलेच राहते. शक्य असेल तेथे परवाना द्यावा. लिहून द्यायची वेळ आलीच, तर कायद्याच्या १८ आणि १९ या कलमांनी गीतकाराला काही कवच दिले आहे, ते असे :

१) हक्क लिहून दिल्याचा कागद लेखी आणि सही केलेला असावा लागतो. तोंडी बोलण्याने हक्क जात नाही.
२) कागदात कोणते गाणे, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे लिहिलेले असले पाहिजे.
३) मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षांची समजली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरताच समजला जातो.
४) घेणाऱ्याने १ वर्षात तो हक्क वापरलाच नाही, तर कागदात वेगळे ठरलेले नसल्यास, तो परत येतो.
५) करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचा हक्क कागदात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाही. ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीची आहे. कॅसेटच्या काळातील जुने करार असतील, तर ते जाणत्या वकिलाला दाखवावेत.
६) रॉयल्टीतला आपला वाटा गीतकाराला कोणालाही सोडून देता येत नाही. फक्त वारस आणि कॉपीराइट सोसायटी हे दोन अपवाद. “रॉयल्टी सोडली” असे कोणी कागदात घातले, तरी तो मजकूर निरर्थक ठरतो.

सहावा मुद्दा सर्वांत मोलाचा. तो सहजासहजी मिळालेला नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन यांच्यातील खटल्यात असा निकाल दिला की, चित्रपट निर्मात्याने मोबदला देऊन गाणे लिहून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माताच. त्या निकालानंतर पस्तीस वर्षे गीतकार-संगीतकार एकरकमी पैशावर राहिले. शेवटी जावेद अख्तर राज्यसभेचे सदस्य असताना हा प्रश्न संसदेत लावून धरला गेला आणि २०१२ ची दुरुस्ती झाली. ती २१ जून २०१२ पासून लागू आहे. तीनुसार चित्रपटातील गाणे चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजते, तेवढे सोडून इतर प्रत्येक वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा समान वाटा राहतो. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणालाही हे संरक्षण आहे. भीमगीतांची कॅसेट असो, सीडी असो की यूट्यूबवरील गाणे असो, ते याच संरक्षणात येते.

याशिवाय कलम ५७ आहे. सर्व हक्क विकून टाकले, तरी “हे मी लिहिले” असे म्हणण्याचा हक्क गीतकाराकडेच राहतो. त्याचे शब्द मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध येईल असे कोणी वापरले, तर त्याला व त्याच्या पश्चात वारसांना दाद मागता येते. आपल्या जुन्या शाहिरांनी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची रीत ठेवली होती. ती नाममुद्रा गळून दुसऱ्याचे नाव घातल्याची उदाहरणे गावोगाव सांगितली जातात. हे केवळ अनुचित नाही, ते कायद्याविरुद्ध आहे.

पैसा गोळा कोण करतो

एकटा गीतकार कोणकोणत्या हॉटेलात, आकाशवाणीवर, मोबाइलवर आपले गाणे वाजते हे कसे पाहणार? हा प्रश्न जगाला पूर्वीच पडला होता. १८४७ साली पॅरिसच्या एका उपाहारगृहात काही गीतकार-संगीतकार बसले होते. त्यांचीच गाणी तेथे गायली जात होती आणि गिऱ्हाइकांची गर्दी होत होती. त्यांनी बिल देण्यास नकार दिला. तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाही, आम्ही तुमच्या खाण्याचे देत नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण कोर्टात गेले आणि गीतकार जिंकले. त्यातून १८५१ साली सासेम ही संस्था उभी राहिली. सर्व कर्त्यांच्या वतीने परवाने देणे, पैसे गोळा करणे आणि वाटणे हे तिचे काम.

भारतात गीतकार-संगीतकारांसाठी असे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजेच आय.पी.आर.एस., करते. तिची स्थापना १९६९ ची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर २०१७ साली तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. कायद्याप्रमाणे अशा संस्थेच्या कारभारी मंडळात कर्ते आणि हक्कधारक कंपन्या यांची संख्या समान असावी लागते. सभासद होऊन आपल्या गाण्यांची यादी तेथे नोंदविली, तरच आपल्या नावावर काही जमा होते. यादीत नाव नसेल, तर गाणे वाजले तरी पैसा कोणाचा हे संस्थेला कळण्यास मार्ग नाही. ध्वनिमुद्रणाचे आणि गायकांचे हक्क पाहणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत.

यूट्यूबचेही तसेच. तेथे जुळणी करणारे यंत्र असते. तुमचे गाणे एखाद्या कंपनीने आधी आपल्या नावे नोंदविले असेल, तर तुम्ही स्वतःचेच गाणे टाकले तरी दावा त्या कंपनीचा लागतो. अशा वेळी तारीखवार वही, मूळ ध्वनिमुद्रण आणि करार यांचाच आधार असतो. दुसऱ्याची गाणी टाकणाऱ्या तरुणांनीही लक्षात ठेवावे की, ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी ग्राह्य ठरल्या की चॅनल बंद होऊ शकते. वर्षानुवर्षांचे जयंतीचे चित्रण त्यासोबत जाते.

जयंती, विहार, लग्न आणि शाळा

“मग आता गाणेच म्हणू नये काय?” असे कार्यकर्ते विचारतील. तसे नाही. कलम ५२ मध्ये पुष्कळ सवलती आहेत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गायिले किंवा लावले, तर परवाना लागत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ हेही कायद्याने त्यात धरले आहेत. शासनाचा किंवा नगरपरिषदेसारख्या स्थानिक संस्थेचा अधिकृत समारंभ यातून मुक्त आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर गायन केले, तर तेही चालते. शाळेत शिक्षक व विद्यार्थी यांनी आपले पालक आणि शाळेशी संबंधित लोक यांच्यासमोर गीत सादर करण्यासही मुभा आहे. नफ्यासाठी नसलेल्या मंडळाला आपल्या कामकाजाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकविण्याचीही सवलत आहे.

मात्र तिकीट लावून बोलाविलेली व्यावसायिक गाण्याची पार्टी किंवा उघड्या रस्त्यावर मोठ्या यंत्रणेवर वाजविलेले ध्वनिमुद्रण या सवलतींत सरळ बसत नाही. अशा वेळी परवान्याची चौकशी आधीच करावी. परवाना मागायला कोणी आले, तर भांडू नये आणि घाबरूनही जाऊ नये. कोणत्या संस्थेचे, कोणत्या हक्कासाठी, कोणत्या अधिकाराने, हे लेखी विचारावे आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हक्क मोडला तर

प्रथम लेखी नोटीस द्यावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास दिवाणी दावा लावता येतो आणि तो गीतकार जेथे राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो. म्हणजे मुरगूडच्या माणसाला मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही, कोल्हापूर पुरे. जाणूनबुजून हक्क मोडणे हा फौजदारी गुन्हाही आहे. त्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि सर्व स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धम्म स्वीकारलेल्या बांधवांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा लागू आहे, तेव्हा ही सवलत त्यांनाही आहे. तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे किंवा कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा.

देणगी द्यायची तरी

या साऱ्यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो, आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. “बाबासाहेबांच्या गाण्यावर कसली मालकी? शाहिरांनी ती समाजासाठी लिहिली. त्यांचे पैसे मागणे म्हणजे चळवळीचा बाजार मांडणे होय.” या म्हणण्यात कळकळ आहे. परंतु अनुभव काय सांगतो? शाहिराने हक्क सोडला म्हणून गाणे समाजाचे झाले, असे सहसा घडले नाही. सोडलेला हक्क ज्याच्याकडे कागद करून घेण्याची अक्कल आणि पैसा होता, त्याच्याकडे गेला. समाजाला ते गाणे पैसे देऊनच विकत घ्यावे लागले, आणि शाहिराच्या घरची चूल मात्र विझलेली राहिली.

देणगी द्यायची असली तरी ती वस्तू आधी आपली असावी लागते. हक्क हाती ठेवणारा गीतकारच म्हणू शकतो की, विहारांना आणि जयंती मंडळांना माझे गाणे मोफत, विकणाऱ्याने मात्र पैसे द्यावेत. कायदा त्याला तसे करू देतो. साध्या कागदावर, “माझे अमुक गीत कोणत्याही बुद्धविहारात, शाळेत आणि विनातिकीट सभेत गाण्यास माझी मोफत परवानगी आहे. गीतकार म्हणून माझे नाव घ्यावे. ध्वनिमुद्रण, विक्री आणि इंटरनेटवरील प्रसारण यांसाठी माझी लेखी परवानगी घ्यावी,” एवढे लिहून तारीख आणि सही केली, की चळवळही अडत नाही आणि घरही बुडत नाही. ज्याला सर्वच हक्क समाजासाठी सोडून द्यायचा आहे, त्यालाही कॉपीराइट निबंधकाकडे सूचना देऊन किंवा जाहीर नोटीस काढून तो सोडता येतो. पण ते त्याने स्वतः, समजून-उमजून करावे.

म्हणून आमची मंडळांना विनंती आहे की, यंदाच्या जयंतीपासून प्रत्येक गाण्याच्या आधी निवेदकाने गीतकार आणि संगीतकार यांची नावे मोठ्याने सांगावीत. प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. आपल्या भागातील जे कोणी लिहितात, त्यांत आमच्या माताभगिनीही आल्या, त्यांची गाणी रचल्याच्या तारखेसह त्या वहीत उतरवून घ्यावीत आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वृद्ध शाहिरांच्या घरी जाऊन त्यांच्या तोंडची गाणी मुद्रित करावीत, त्यांचे जुने करार वाचून दाखवावेत आणि नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत. या कामाला शंभर पानी वही, एक मोबाइल आणि रविवारची एक सकाळ लागते. तेवढे आपल्याजवळ निश्चित आहे.